उसवलेलं जॅकेट

थंडी सुरू झाली की आमच्याकडे रोज सकाळी एक सोहळा असतो. आमचे हे सायकलवर बसायला तयार होतात. बोहल्यावर चढणारा नवरदेवही इतका वेळ घेत नसेल. आधी लोकरीची बंडी, तिच्यावर फ्लॅनेलचा शर्ट, त्यावर मफलर. मफलर गळ्यात घालतील तर शपथ. तो छातीवर फुली मारून पाठीमागे न्यायचा आणि तिथे पिन लावायची. पिन लावायला अर्थातच मी. माझा चहा ओट्यावर गार होतो, माझी बस चुकायला येते, पण पिन सरळ बसली नाही तर हे मान वळवून वळवून आरशात बघत राहतात.

मग हातमोजे. ते स्वतः शिवलेले. अंगठा वेगळा, ब्रेकसाठी पहिलं बोट वेगळं आणि उरलेली तीन बोटं एकाच घरात. तीन बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात, हे मला दर थंडीत नव्याने सांगितलं जातं, जणू मी कालच या घरात आले. कान झाकणारी टोपी, तिच्यावर हेल्मेट. बुटांवरून जुने मोजे ओढलेले, कारण वारा म्हणे लेस बांधायच्या भोकांतून शिरतो. असा सगळा जामानिमा करून हे दारात उभे राहतात आणि मला विचारतात, "नीट दिसतंय ना?" काय सांगणार? मी म्हणते, "झकास."

यांचं काम कापड बेतण्याचं. नदीपलीकडे दवाखान्यांचे आणि हॉटेलांचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे, तिथले हे मुख्य कटर. कोपऱ्यावरून त्याच बाजूला बस जाते. मी ज्या औषधांच्या दुकानात काम करते तिथे त्याच बसने जाते. पण यांना बस चालत नाही. का, तर बसमध्ये लोकांचे कोट नाकासमोर येतात. कुणाची कॉलर मानेपासून सुटलेली, कुणाची बाही पिळलेली, आणि हात लावायची सोय नाही. डोकं उठतं म्हणे. खरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं होतं. पुलावर आलो की मला कुणी हाक मारत नाही, म्हणाले. मलाही कुणी हाक मारू नये असं वाटतं, पण मला पूल कुठे आहे?

गेल्या थंडीत यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्याच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून मी यांच्या नाकातली नळी बघत होते आणि मनातल्या मनात त्या सायकलला शिव्या देत होते. घरी पाठवताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, छातीला गार वारा आणि ओल अजिबात लागता कामा नये, पुन्हा असं झालं तर अवघड आहे. हे मान डोलावत होते. ते मान डोलावणं मला चांगलं ओळखीचं आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

मुलगी मात्र माझ्यासारखी नाही. ती दुसऱ्या शहरात असते, पण तिथून सूत्रं हलवते. या थंडीच्या तोंडावर तिने सायकलवाल्यांचं खास जॅकेट पाठवलं. वारा अडवणारं, पाणी अडवणारं, लांबून दिसावं म्हणून भडक नारिंगी. सोबत फोनवर अट: जॅकेट घालणार असाल तर सायकल, नाहीतर सायकल अडगळीच्या खोलीत. यांनी जॅकेट घालून आरशात पाहिलं. आयुष्यभर जाड कापडावर कात्री चालवून यांचा उजवा खांदा खाली आलाय, त्यामुळे डावीकडे कॉलर बोटभर सुटत होती. मी म्हटलं, तिथे मफलर खोचा आणि विषय संपवा.

संध्याकाळी दुकानातून आले तर जेवणाच्या टेबलावर जॅकेट निवडलेल्या भाजीसारखं पसरलेलं. बाह्या एकीकडे, पाठ एकीकडे, कॉलर तिसरीकडे. खांदा दुरुस्त करायला घेतला होता, पण खांदा उघडल्यावर बाही कशी बसवलीय ते बघावंसं वाटलं, बाही उघडल्यावर पाठ. आमचे हे खुर्चीत बसून लहान मुलासारखे खूश होते.

"हे बघ काय करतात," मला म्हणाले. "प्रत्येक शिवणीवर आतून चिकटपट्टी. शिवण धड येत नाही ना, मग असले धंदे. सगळी सोलून काढली. आता मी शिवतो बघ."

सोललेल्या पट्टीचा गोळा केराच्या डब्यात होता. मला तेव्हा काही कळलं नाही, फक्त संताप आला. पोरीने हौसेने पाठवलेली वस्तू एक दिवस तरी अखंड ठेवावी की नाही? पण मशीनवर बसलेल्या यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. आणि शिवलं मात्र असं की दृष्ट लागावी. कॉलर मानेला चिकटून, खांदा जिथल्या तिथे.

दोनच दिवसांनी धुक्यासोबत भुरभुर पाऊस आला. हे घरी आले, जॅकेट काढलं आणि खाली शर्टवर ओल्या रेघा. खांद्यावरून, छातीच्या दोन्ही बाजूंनी, बरोबर शिवणीच्या वाटेने. हे त्या रेघांकडे बघत उभे राहिले. मग जॅकेट उलटं करून दिव्यापुढे धरलं. सुईच्या प्रत्येक भोकातून उजेड येत होता. ती पट्टी कशासाठी होती ते तेव्हा कळलं. आयुष्य कापडात गेलं, आणि सुई नको असणारं कापड आजवर हातात आलं नव्हतं. यांचा चेहरा इतका पडला की मी ठरवलेलं निम्मं बोलणं गिळलं. निम्मं मात्र बोललेच.

मुलीला सांगू नकोस, म्हणाले. मी अट घातली. रोज घरी आल्यावर मी शर्टाच्या आत हात घालून छाती बघणार. पुन्हा ओल लागली तर सायकल अडगळीत, आणि मुलीला मीच फोन करणार. कबूल, म्हणाले.

मग घरात नुसता उच्छाद. यांनी शिवणींवर मेणबत्ती घासली, इस्त्रीला मेण लागलं आणि माझी साडी त्या इस्त्रीखाली गेली. हार्डवेअरच्या दुकानातून नळाला लावायची टेप आणली, ती वाकल्यावर सुटली. कसलासा डिंक आणला, त्याच्या वासाने माझं डोकं दुखलं. रोज न्हाणीघरात जॅकेट टांगून त्यावर तांब्याने पाणी ओतायचं, खाली बादली, आणि मी आंघोळीसाठी बाहेर ताटकळत. मुलगी फोनवर विचारायची, बाबा जॅकेट घालतात ना? घालतात, मी सांगायची. खोटं काहीच नव्हतं. कोरड्या हवेच्या दिवशी हात कोरडा लागायचा, आणि हे परीक्षेत पास झाल्यासारखे आत जायचे.

शेवटी यांनी शिवणी पुन्हा उसवल्या. आतून रबरी कापडाचं अख्खं अस्तर दिलं, कडा दुमडून त्याच डिंकाने चिकटवल्या, जिथे पाणी लागेल तिथे सुई म्हणून लावली नाही. तांब्याच्या परीक्षेत जॅकेट उतरलं. काल दिवसभर पाऊस होता. मी यांना बसने जा म्हणून विनवलं, हातापाया पडायचीच बाकी होते. आमचे हे बुटांवर मोजे चढवत होते.

संध्याकाळी हे घरी आले ते निथळत. हेल्मेटमधून पाणी, मोज्यांतून पाणी. पण चेहरा असा की राज्य जिंकून आलेत. माझ्यासमोर उभे राहून स्वतःच वरचं बटण काढलं.

"बघ," म्हणाले.

मी हात आत घातला. बंडी खडखडीत कोरडी होती, उबदार होती. जॅकेट खरोखर जमलं होतं. हात काढणार, तेवढ्यात तळव्याला काहीतरी जाणवलं. यांनी श्वास घेतला की आत घरघर व्हायची, उकळी फुटण्याआधी भांडं करतं तशी. मी हात तिथेच ठेवला. पुन्हा तेच. गेल्या वर्षी त्या स्टुलावर बसून मी हाच आवाज ऐकला होता.

"कोरडं आहे ना?" यांनी विचारलं.

"कोरडं आहे," मी म्हटलं. "किती दिवस झाले हे?"

हे खाली बघायला लागले. "चार-पाच. मला वाटलं, नुसता हात लावून तुला कळणार नाही."

मला भयंकर राग आला. जॅकेटला रोज तांब्याने पाणी घालून तपासणारा माणूस, स्वतःच्या छातीतला आवाज लपवून पुलावरून सायकल दामटत होता. खूप बोलायचं होतं. पण रडूच आलं, आणि त्याचाही राग आला. मी फोन उचलला. यांना वाटलं मुलीला करतेय. मी डॉक्टरांना केला, सकाळी पहिल्यांदा आम्हाला बघा म्हणून सांगितलं. हे ओल्या मोज्यांतच पाटावर बसून ऐकत होते.

मी फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "अगं, डॉक्टरांकडे कितवी बस जाते?"

इतकी वर्षं या गावात काढली आणि यांना बसचा नंबर माहीत नव्हता. मी सांगितला. मग मी खाली बसले आणि यांच्या बुटांवरचे मोजे ओढून काढले.