रंग कोणता आला?

प्रिंटरची नळी तोंडात धरून शाई ओढणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आम्ही गुलमंडी बाजारातल्या दुकानदारांनी रोज पाहिलाय. गाल आत, डोळे बाहेर, एक जोरदार ओढ, आणि मग निळ्या नाहीतर लाल ओठांनी आरोळी, "आली बघ लाईन!" सिरिंज समोरच पडलेली असायची. पण सिरिंज म्हणे नवशिक्यांनी वापरायची.

त्यांना सगळे काका म्हणायचे. जन्मभर नळफिटिंग केलेलं. गुडघे गेले तसं काम सुटलं, मग बायको गेली, आणि हा रिकामा जीव आमच्या प्रिंटरांवर येऊन आदळला. माझं फोटोचं दुकान, शेजारी शफीकचं झेरॉक्सचं. दोघांकडेही बाहेरून शाईच्या टाक्या लावलेले प्रिंटर. टाकीतून बारीक नळ्यांनी शाई आत हेडपर्यंत जाते आणि तिथून कागदावर पडते. आमच्या उन्हाळ्यात चार दिवस दुकान बंद राहिलं की हेडमध्ये शाई वाळते, आणि फोटोतला नवरदेव पट्ट्यापट्ट्यांचा निघतो. त्याचा सुगावा लागायचा अवकाश, काका पायरीवर हजर.

"पाइप म्हंजे पाइप," ते बाह्या सारत म्हणायचे. "पाणी असो नायतर शाई."

आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते मी तुम्हाला काय सांगणार? टाकी जितकी उंच तितका दाब जास्त, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. काकांनी हे ज्ञान माझ्या प्रिंटरला लावलं. शाईच्या टाक्या उचलल्या आणि थेट कपाटावर नेऊन ठेवल्या.

"काका, त्या प्रिंटरच्या बरोबरीनंच ठेवायच्या असतात."

"कोण म्हणतं?"

"कंपनी म्हणते."

"कंपनीच्या घरी रोज पाणी येतं. तिला काय ठाव!"

कप्पाळ माझं! मी जेवून येईपर्यंत सगळी शाई हेडमधून खाली उतरली होती. प्रिंटरच्या पोटातून टेबलावर, आणि टेबलावरून कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बमवर. काका मात्र खुशीत. "निघाला का नाय चोकअप?" चोकअप निघाला होता, खोटं कशाला बोलू. प्रिंटर तेवढा भंगारात गेला, मला दुसरा घ्यावा लागला.

शफीकच्या प्रिंटरचीही त्यांनी अशीच सेवा केली. त्याच्या टाकीत थोडी शाई उरली होती, काकांनी त्यात दुसऱ्याच कंपनीची ओतली. "पाण्यात पाणी मिसळलं तर काय बिघडतं?" दोन दिवसांत शाई नासक्या दुधासारखी फाटली आणि नळ्यांत गोळे झाले. तेव्हापासून काका दिसले की शफीक दोन्ही हात पसरून प्रिंटरच्या आडवा उभा राहायचा. "चच्चा, दूरसे देखो. हात नक्को लगाव."

माझी तर ते परीक्षाच घ्यायचे. बाटली डोळ्यांपुढं नाचवायची आणि दरडावायचं, "हा कोणता, सांग?"

"लाल."

"आन् हा?"

"निळा, काका, निळा!" पन्नाशीला आलेला मी, गिऱ्हाइकासमोर बालवाडीतल्यासारखा रंग ओळखतोय. एकदा मी बँकेत गेलो होतो, तर यांनी आपल्या मनानंच टाक्या भरून ठेवल्या. लाल टाकीत निळी शाई. पासपोर्ट फोटोला आलेला एक तगडा गडी कागदावर पार बुडून वर काढल्यासारखा निघाला. काका माझ्यावरच उखडले, "लेबलं पुसलेल्या बाटल्या ठेवतोस कशाला?"

हा सगळा उपद्व्याप कशासाठी चालायचा, तेही सांगतो. काकूंचा एक फोटो होता, डाळिंबी साडीतला. तो मोठा करून काकांना घरी लावायचा होता, आणि साडी डाळिंबीच उतरली पाहिजे, हा हट्ट. प्रत्येक दुरुस्तीनंतर तोच फोटो छापायचा. तो दारात न्यायचा, उन्हात धरायचा आणि मला विचारायचं, "रंग कोणता आला?"

"वांग्याचा."

"मंग चोकअप हाय. खोल पुन्हा."

कधी वांगं, कधी गाजर, कधी कांद्याची साल. अख्खी भाजीमंडई आली, डाळिंब काही आलं नाही. येणार कसं? यांच्याच हातानं हेडची वाट लागलेली. लॅबमध्ये देऊ म्हटलं तर म्हणायचे, "लॅबवाल्यानं तुझ्या काकूला पाह्यलंय का?" एकदा मी वैतागून बोललो, "काका, महिनाभर हात लावू नका, रंग आपोआप येईल." तर दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते ओठ निळे करूनच गेले.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. साधा ताप आला आणि गेलेच. मी प्रिंटरला नवं हेड बसवलं, शाई एकाच कंपनीची ठेवली. प्रिंटर झकास चालायला लागला. दुकानात शांतता. बरं वाटलं मला, लपवत नाही. पण आठवडाभरानं ती शांतता खायला उठली.

मग खुलताबादला दिलेली त्यांची मुलगी वडलांचा फोटो करून घ्यायला आली. तो छापता छापता माझ्या मनात आलं, काकूंचाही काढून बघावा. कागद सरकत सरकत बाहेर आला आणि मी बघतच राहिलो. ठसठशीत डाळिंबी. पदराचा काठसुद्धा जिथल्या तिथं.

"हीच साडी आईची," ती डोळे पुसत म्हणाली. "बाबा पाह्यजे होते."

मी आपला सवयीनं टोमणा मारला, "असते तर पुन्हा खोल म्हणाले असते. त्यांच्या नजरेला कुठला रंग पसंत पडलाय?"

तिनं फोटो अलगद टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "दादा, त्यांना रंग दिसत कुठं होते? लाल, हिरवा, जांभळा, ल्हानपणापासूनच कळत नव्हते. टमाटा पिकला का कच्चा, तेबी आईच सांगायची. बाहेर कुणाला कळू देत नव्हते, लई लाज वाटायची त्यांना. साडी डाळिंबी हाय, हेसुद्धा आईनंच सांगितलेलं."

आता बोला! अहो काका, भले माणसा, एका शब्दानं सांगायचं होतंत. किती हसलो आम्ही तुमच्यावर! जो रंग तुम्ही जन्मात पाहिला नाही, तो केवळ बायकोच्या शब्दावर शोधत होतात. मला एकदम भरून आलं, आणि रागही आला.

ती गेल्यावर मी आणखी एक प्रत काढली. दारात जाऊन उन्हात धरली आणि चांगलं मोठ्यानं म्हणालो, "डाळिंबी आला, काका. चोकअप नाय."

शेजारून शफीकनं मान बाहेर काढली. "किसकू बोलरा रे?"