चार गोळ्या, एक मिशी

ही माझी मिशी बघू ऱ्हायले ना? ही दुसरी हाय. पहिली येगळीच होती! काळीभोर, टोकाला पीळ, दोन्ही बाजूला लिंबू ठेवलं तरी पडायचं नाय.

ती कशी गेली, वळखा बरं! वळखलं तर आजचा चहा माझ्याकडून.

बिडीनं जळाली? चूक. बायकोनं उपटली? तिची लय इच्छा होती, पण नाय. ऱ्हाऊ द्या, वळखायचं तुमच्याच्यानं होणार नाय. माझाच गाढवपणा हाय, मीच सांगतो.

दोन हजार सालाच्या आगंमागंची गोष्ट. मी दिंडोरी रोडच्या मार्केटात हमाली करायचो. दिवसाला दीड बंडल बिडी! सकाळी माझा खोकला सुरू झाला की सगळी आळी उठायची. शेजारच्या कोंबड्यानं तर आरवणंच सोडून दिलं होतं. त्याला कामच उरलं नाय!

पण पोत्याखाली वाकलो की डोळ्यापुढं काजवे यायला लागले. बायको म्हणाली, "एक तर बिडी सोडा, नाय तर मला सोडा."

मी म्हणलं, "दोन दिवस दे विचार करायला."

दोन दिवस कसले? दुसऱ्याच दिवशी दंडाला धरून आमच्याच शहरातल्या मालेगाव स्टँडजवळच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या पोरीएवढ्या. पण नजर फौजदाराची! छाती तपासली आन सुरूच झाल्या. फिट येते का? डोक्याला कधी मार लागला का? दारू किती? दुसरं काय औषध चालू हाय?

मी म्हणलं, "बाई, बिडी सोडवायचीय का माझं दुसरं लगीन जमवायचंय?"

हसल्या नाय. बोटांवर मोजून मोजून सांगायला लागल्या, कारण चिठ्ठी मला कुठं वाचता येते? मी बसची पाटी वाचतो, तीबी निम्मी.

"दगडूनाना, नीट ऐका. तीन दिवस सकाळी एक गोळी. चौथ्या दिवसापासून सकाळी एक, संध्याकाळी एक, मध्ये आठ तास. चावायची नाही, अख्खी गिळायची. पहिले सात दिवस बिडी सुटली नाही तरी चालेल. आठव्या दिवशी एकदम बंद, आणि त्या दिवशी मला भेटायचं. आणि ही गोळी फक्त तुमची. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही!"

एवढ्या सगळ्यातलं मी काय ध्यानात ठेवलं असंल? सात दिवस बिडी चालंल! बायकोपुढं मांडी घालून, धूर वर सोडत ओढली. "बघती काय? औषध हाय," म्हणलं.

गोळ्यांची पट्टी ठेवली बिडीच्या पत्र्याच्या डबीत. तिथंच घोटाळा झाला.

आता नामद्या कोण ते सांगतो. नामद्या म्हंजी माझा जोडीदार. पोतं एका बाजूनं तो उचलणार, दुसऱ्या बाजूनं मी. वीस वरीस! आन वीस वरीस मी त्याला बनवायचो. एकदा आईची शपथ घेऊन सांगितलं, "नामद्या, तुझी सासू स्टँडवर उतरलीय." गडी भर उन्हात दोन तास नारळ घेऊन उभा! सासू तिकडं घरी पापड लाटू ऱ्हायली होती.

तर गोळ्यांचा पाचवा दिवस, बुधवार. चहाच्या टपरीवर मी डबी उघडली आन गोळी तोंडात टाकली.

नामद्या म्हणला, "काय खातो रं?"

माझ्या अंगात किडा वळवळला. इकडं तिकडं बघून कानात सांगितलं, "ताकदीची गोळी हाय. कुणाला बोलू नको. पोतं कापसावाणी लागतं. आन घरीबी..." असं म्हणून एक डोळा मारला.

नामद्याचे दोन्ही डोळे मोठे! "मला दे की!"

आन हात पुढं केला. आता बघा, वीस वरसांत त्या डबीतनं काय निघालं आन नामद्याला दिलं नाय, असं कधी झालंच नव्हतं. एकट्यानं बिडी ओढायची म्हंजी पाप! त्याचा हात पुढं आला की माझा हात आपोआप डबीत जायचा. तसाच गेला. चार गोळ्या तोडल्या, कागदात बांधल्या आन दिल्या.

वर मुहूर्तबी दिला. "आज नको घेऊ. शनिवारी घे. अंघोळ करून, उत्तरेकडं तोंड करून."

का? तवर सगळ्या मार्केटात बोभाटा करायचा होता ना मला! गडी गोळी खाऊन पोती उचलणार, आन आपण टाळ्या पिटणार!

शनिवार उजाडला. माझा आठवा दिवस. सकाळी दवाखान्यात गेलो. बाईंनी पट्टी बघितली आन कपाळाला आठ्या पडल्या.

"चार जास्त गेल्यात. जास्त खाल्ल्या का?"

"नाय बाई! आमच्या नामद्याला दिल्या. गंमत!"

"त्यांना फिट येते का?"

तुम्हाला सांगतो, माझं हसू तिथंच वाळलं. दोन वरसांपूर्वी नामद्या कांद्याच्या थप्पीपाशी आडवा झाला होता. हातपाय झाडत होता. नाकाला चप्पल लावणारा मीच!

"येते," म्हणलं. आवाज उंदरावाणी निघाला.

"चप्पल लावली असेल ना? त्यानं काही होत नसतं. पण फिट येणाऱ्या माणसाला ही गोळी दिली तर पुन्हा फिट येऊ शकते. म्हणून तर तुम्हाला विचारलं होतं. त्यांच्या डोक्यावर पोतं असताना आली तर?"

"बाई..."

"कधी घेणार आहेत ते?"

"आज. मुहूर्त मीच दिलाय."

"मग इथं काय करताय?"

पळालो! रिक्षा करायची अक्कल आली नाय. फोन करावा तर मार्केटात मोबाईल एकट्या आडत्याकडं, आन त्याचा नंबर कुणाला ठाव? दहा पायऱ्या चढताना धापणारा मी, दिंडोरी रोडनं धोतराचा सोगा धरून धावू ऱ्हायलो. डोळ्यापुढं एकच चित्र: नामद्या खाली आन पोतं त्याच्यावर.

पोचलो तर काय! निम्मं मार्केट गोळा झालेलं. मधोमध नामद्या. अंघोळ केलेला, कपाळाला गंध, उत्तरेकडं तोंड. एका हातात पाण्याचा गलास, दुसरी मूठ गच्च.

"नामद्या, खाऊ नको! ती बिडी सोडायची गोळी हाय! तुला फिट येईल!"

सगळं मार्केट हसलं. नामद्या म्हणला, "आला बघा! माझी ताकद वाढंल म्हणून जळू ऱ्हायला."

"आईची शपथ!"

"सासूच्या टायमालाबी तीच शपथ होती."

मी मूठ धरायला गेलो. तो माझ्यापेक्षा हातभर उंच. मूठ वर केली आन मी उड्या मारतोय, मांजरीवाणी! खोकल्यानं जीव चाललेला. त्यात गलास त्याच्या ओठाला लागला.

"नामद्या, पाया पडतो! काय करू म्हंजी खरं वाटंल तुला?"

गडी थांबला. माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मिशीकडं बघितलं.

"मिशी काढ. मिशीची थट्टा तू करणार नाय, येवढं मला ठाव हाय."

झाडाखाली विठू न्हावी पेटी मांडून बसलेला. त्याच्यापुढं एक गिऱ्हाईक निम्म्या दाढीचं. त्याला उठवलं आन मी बसलो. "काढ!" म्हणलं.

विठूनं कात्री उचलली. "नाना, कात्रीनं बारीक करू का?"

"वस्तरा लाव!"

डावी बाजू गेली. नामद्या म्हणतो, "थोडं थोडं पटू ऱ्हायलंय." उजवी गेली. ओठाला वारा लागला हो! जन्मात कधी लागला नव्हता.

मग नामद्यानं मूठ उघडली. आत काय असंल? लिमलेटच्या दोन गोळ्या! एक स्वतःच्या तोंडात टाकली, एक माझ्या हातावर ठेवली.

"येड्या, फिट येणारा माणूस मी. डॉक्टरला दाखवल्याबिगर तापाची गोळीबी खात नाय."

तसाच दवाखान्यात परत गेलो. बाईंनी आधी मला वळखलंच नाय. मग ड्रॉवर उघडला. माझा कागद, माझ्या चार गोळ्या!

"बुधवारीच आणून दिल्या त्यांनी. फिटचं औषध ते माझ्याकडूनच घेतात. तुम्हाला तोंडानं सांगून कळलं नव्हतं, म्हणून जरा पळवलं." मग पदर तोंडाला लावला. "मिशीचं मात्र मी नव्हतं सांगितलं हां. ते नामदेवरावांच्या मनातलं."

आन विचारलं, "आज बिड्या किती झाल्या?"

मी खिसा चाचपला. बंडल तसंच. "बाई, ओढायला सवडच नाय मिळाली!"

त्या म्हणाल्या, "मग आता मिळू देऊ नका."

पुढं सगळ्या गोळ्या सांगितल्या तशा घेतल्या. रात्री झोप उडायची, तोंडाला कोरड पडायची, तेबी जाऊन सांगितलं. मनानं एक कमी नाय, एक जास्त नाय. बिडी सुटली ती सुटलीच. कोंबडा परत आरवायला लागला.

बायको म्हणाली, "धूर गेला ते बरं झालं. पण हा कोण माणूस आणून ठेवला घरात?"

आन माझी मिशी? विठूच्या फडक्यावरनं नामद्यानं गोळा केली. माझी रिकामी बिडीची डबी मागून घेतली आन तिच्यात ठेवली. आजबी त्याच्या घरी फळीवर हाय. पाव्हणा आला की चहाच्या आधी डबी उघडतो.

एकदा म्हणलं, "नामद्या, दे की माझी मिशी परत."

"देतो ना! शनिवारी ये. अंघोळ करून, उत्तरेकडं तोंड करून उभा ऱ्हा."

गेलो ना मी! दोनदा.