तिरका पाइप

आमच्या शेजारच्या गृहस्थांना सारी गल्ली ‘काटकोन’ म्हणते. नकाशांच्या कार्यालयात त्यांनी चौतीस वर्षे आरेखकाची नोकरी केली. दारातल्या चपलासुद्धा भिंतीला समांतर केल्याशिवाय त्यांचे पाऊल आत पडत नाही. लग्न त्यांनी केले नाही. निवृत्तीनंतर तळमजल्यावरच्या खोलीत त्यांनी हौसेने सुतारकाम मांडले. वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची विधवा थोरली बहीण, असे दोघांचे घर.

गेल्या वर्षी ताईंना खोकल्याने धरले. डॉक्टरांनी छाती तपासून स्पष्ट सांगितले, की लाकडाची बारीक धूळ थांबली नाही, तर ताईंनी या घरात राहू नये. त्यांची लेक न्यायला टपलेलीच होती. काटकोनांनी भाचीकडून एका महिन्याची मुदत मागून घेतली. ताई गेल्या, तर घरात बोलायला कोणी उरणार नव्हते.

त्यांनी धूळ ओढणारा पंखा आणला. करवतयंत्र आणि रंधायंत्र यांपासून निघालेला पाइप भिंतीच्या कडेकडेने, पाच काटकोनी वळणे घेत, कोपऱ्यातल्या पंख्यापर्यंत नेला. पंख्याच्या तोंडाला कापडी पिशवी बांधली. फरशीवरचा भुसा जवळजवळ नाहीसा झाला. ताईंचा खोकला मात्र वाढला.

तेव्हा त्यांनी खिडक्या झाकून अंधार केला, यंत्रे चालवली आणि पिशवीपाशी विजेरी धरली. झोतात पिठासारखी धूळ तरंगत होती. जाड भुसा पिशवीत राहत होता. छातीत जाणारी धूळ कापडातून गाळून निघत होती आणि जिन्याने वर चढत होती.

पंखे दुरुस्त करणाऱ्याला बोलावणे गेले. तो बघून हसलाच.

“काका, ही पिशवी नाही, चाळणी आहे. पंखा बाहेर मागच्या अंगणात बसवा. आणि ही वळणं कशाला? पाचव्या वळणापर्यंत हवेला धाप लागते. तिरका पाइप टाका.”

“तिरका? खोलीच्या मधून?”

“नाहीतर हवेला पट्टी दाखवून शिस्त लावा!”

दोन दिवस काटकोन त्या पाइपाकडे नुसते बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाचही वळणे उतरवली. पुढचे अठरा दिवस ते सकाळी खाली उतरत, ते दिवेलागणीनंतरच वर जात. जेवणाचे ताट ताई जिन्याच्या पायरीवर ठेवून परतत. पंखा बाहेर गेला, पाइप खोलीच्या पोटातून तिरका गेला, जिन्याच्या दाराच्या फटींना रबरी पट्ट्या लागल्या.

मुदतीला तीन दिवस असताना खोकला थांबला. काटकोनांनी ताईंना हाताला धरून खाली आणले, अंधार केला, यंत्र चालवले आणि विजेरी लावली.

“बघ, ताई.”

“काहीच दिसत नाही रे.”

“तेच तर दाखवायचं होतं!”

ताई मनापासून हसल्या. त्यांनी यंत्र बंद करायला लावले आणि मग सांगितले, “मी लेकीला होय म्हटलंय. रविवारी येतेय ती.”

“पण खोकला तर गेला!”

“गेला. छान केलंस. महिनाभरात चहाला किती वेळा वर आलास?”

“काम चालू होतं ना?”

“हो. माझंच.” ताई पायरीवर टेकल्या. “तिकडे नातवंडं दिवसभर भांडतात. कान किटतील माझे, पण कानांना काही काम तरी मिळेल.”

“आता येत जाईन. रोज चारला.”

“येशील रे. आणि सव्वाचारच्या ठोक्याला उठशील.”

रविवारी त्यांनी ताईंची ट्रंक गाडीत अगदी सरळ रेषेत लावून दिली. भाचीने “मामा, तुम्हीही चला” असे दोनदा म्हटले, तेव्हा “यंत्रं कुठे ठेवू?” एवढेच ते बोलले.

आता ते दर रविवारी ताईंना फोन करतात आणि प्रथम खोकल्याची चौकशी करतात. खोकला नाही, असे ताई सांगतात. त्यानंतर आणखी काय विचारावे, हे त्यांना कळत नाही.