भोंगा वाजल्याची नोंद

चौतीस वर्षांच्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. हे एक प्रकरण मात्र काल घडल्यासारखं डोळ्यांपुढे येतं, आणि दर वेळी डोकं तापतं. दरोडेखोरांचाही मला कधी इतका राग आला नसेल. हा राग माझ्याच ठाण्यावर होता, आणि त्यातला काही माझ्या स्वतःवर.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. मार्चमधली सकाळ होती. हजेरी संपवून मी खुर्चीत बसतो न बसतो तोच ठाणे अंमलदाराने सांगितलं, "साहेब, एक बाई आली आहे. तक्रार लिहून देत नाही. तुम्हालाच भेटायचं म्हणते."

बाई चाळिशीची असेल. नदीकाठच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, गावातून पहिल्या एसटीने आली होती. तिने पिशवीतून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं. पत्र विमा कंपनीचं होतं, इंग्रजीत. तिला ते वाचता येत नव्हतं, पण त्यात काय आहे ते मच्छीमार संस्थेच्या सचिवाने तिला समजावून सांगितलं होतं.

"साहेब, तुमी असं काहून लिवलं?" तिने उभ्या उभ्याच विचारलं.

"काय लिहिलं?"

"माहा मालक दारू पेऊन नदीत गेला म्हणून. मीच तसं बयान देलं म्हणून."

तिचा नवरा आदल्या पावसाळ्यात, पोळ्यानंतरच्या आठवड्यात बुडून मेला होता. सकाळी नदीत लावलेलं जाळं काढायला डोंगा घेऊन गेला. आमच्याकडे त्या दिवशी लख्ख ऊन होतं. पाऊस वर मध्य प्रदेशात, बालाघाटकडे पडला होता. धरणाचे दरवाजे उघडले, पाण्याचा लोंढा आला आणि डोंगा उलटला. प्रेत दुसऱ्या दिवशी चार किलोमीटर खाली सापडलं. ठाण्यात आकस्मिक मृत्यूची, म्हणजे मर्गची, नोंद झाली. विम्याचा दावा संस्थेने पाठवला होता. मृत व्यक्ती नशेत असल्याचं कारण देऊन कंपनीने तो फेटाळला, आणि पुरावा म्हणून आमच्याच कागदांचा हवाला दिला.

मी तिला सरळ विचारलं, "तो दारू पीत होता की नाही?"

"पेत होता जी. खोटं कायले सांगू? बजाराच्या दिवशी पेत होता. पण पान्यात जाताना कधीच नाही. त्या दिवशी त मीच त्याले चहा करून देलता."

इतकी वर्षं माणसं तपासून मला एक गोष्ट कळली आहे. नवऱ्याची बाजू लढवायला आलेली बाई जर त्याचा दोषही सांगत असेल, तर तिचं पुढचं बोलणं कान देऊन ऐकावं.

मी मर्गची फाइल मागवली. बयान होतं. 'माझे पतीस दारूचे व्यसन होते. घटनेच्या दिवशी ते दारू प्राशन करून मी नको म्हणत असताना नदीवर गेले. माझा कोणावरही संशय अथवा तक्रार नाही.' खाली डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा होता.

"हा अंगठा तुमचा?"

तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी अंगठा नाही लावत साहेब. मी बचत गटाची अध्यक्ष हाओ. द्या पेन."

तिने एका कोऱ्या कागदावर आपलं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तिन्ही शब्द सावकाश लिहिले. अक्षर मोठं होतं, पण एकही काना सुटला नव्हता.

मी फाइलचं शेवटचं पान उलटलं. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पाठवलेल्या अंतिम अहवालाची ती प्रत होती. खाली सही माझी. दुर्गा उत्सवाच्या बंदोबस्ताच्या दिवसांत टेबलावर आलेल्या गठ्ठ्यातली ती एक सही होती. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी व्हिसेरा राखून ठेवला होता. त्याचा रासायनिक अहवाल येण्याआधीच प्रकरण बंद करून पाठवलं गेलं होतं, आणि मी ते न वाचता पाठवलं होतं.

तो अहवाल कुठे आहे, असं मी मुद्देमाल कारकुनाला विचारलं. त्याने आवक टपालाचा ढीग उपसला. अहवाल दोन महिन्यांपूर्वीच आला होता आणि लखोटा अजून चिकटवलेलाच होता. मी तो त्या बाईसमोर फाडला. आत एका ओळीत लिहिलं होतं : मद्यार्क आढळला नाही.

ती पदर तोंडाशी धरून बाकावर बसली. मला मात्र खुर्चीत बसवेना.

दुपारी मी त्या बीटच्या जमादाराला आत बोलावलं. चौकशी त्यानेच केली होती. बावीस वर्षं नोकरी झालेला, बोलायला गोड, बंदोबस्तात कधी मागे न राहणारा माणूस. मी कागद त्याच्यापुढे सरकवला.

"हे बयान कुठे घेतलं?"

"मयताच्या घरी, साहेब."

"बाई लिहू-वाचू शकते, हे तुला माहीत होतं?"

"साहेब, ती रडत होती. सही करायच्या स्थितीत नव्हती, म्हणून अंगठा..."

"मग हा अंगठा अंगुलीमुद्रा केंद्राकडे पाठवतो. तिचाही पाठवतो. आणि तुझाही."

शेवटच्या शब्दाने तो गप्प झाला. खोटं बोलणारा नवखा असला की तो आवाज चढवतो. पोलीसवाला खोटं बोलायला लागला की आधी नियम सांगतो आणि मग गप्प होतो. पाचेक मिनिटांनी तो म्हणाला, "साहेब, चूक झाली. अंगठा माझाच आहे."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. धरणातून पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या गावांना सावध करण्यासाठी भोंगे बसवले आहेत. त्यांच्या देखभालीचं काम एका खासगी ठेकेदाराकडे होतं. ठेकेदाराचा पर्यवेक्षक प्रेत सापडलं त्याच दिवशी जमादाराला भेटला. माणूस दारूत गेला असं कागदावर आलं की भोंग्याची चौकशी होणार नाही, असं म्हणाला. त्याच्या बदल्यात जमादाराच्या साळ्याला ठेकेदाराकडे चौकीदाराची नोकरी लागली.

एका चौकीदाराच्या नोकरीसाठी मेलेल्या माणसाला दारुडा ठरवलं गेलं. तेही त्याच्या बायकोच्या तोंडून!

दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकाला बोलावलं. तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस, नोंदवही काखेत घेऊनच आला. त्याने ते पान स्वतःच उघडून दाखवलं. 'स. ७.१० वा. भोंगा वाजवला. तीन वेळा.' शिवाय दर सोमवारी चाचणी घेतल्याच्या नोंदी. एकही सोमवार सुटला नव्हता. पोळा सोमवारी आला होता, त्याही दिवशीची नोंद होती.

"सर, रेकॉर्ड एकदम क्लिअर आहे," तो म्हणाला. "लोकच ऐकत नाहीत. भोंगा वाजला तरी पाण्यात जातात."

मी वाद घातला नाही. त्याला म्हटलं, "चला, आम्हाला एकदा वाजवून दाखवा."

दोन सरकारी पंच घेऊन आम्ही त्या गावी गेलो. भोंग्याचा खांब नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर, समाजमंदिराच्या मागे होता. पोलिसांची गाडी पाहून गाव गोळा झालं. ती बाईही आली, पण मागे उभी राहिली. पर्यवेक्षकाने खांबावरच्या पेटीला एक किल्ली लावून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. कुलूप गंजून गच्च बसलं होतं. 

गर्दीतला एक म्हातारा ढीवर पुढे आला. मयताबरोबर तो पंचवीस वर्षं नदीत उतरला होता. तो हात जोडून म्हणाला, "वाजवा न जी साहेब. आमालेबी आयकू द्या. बसवला त्या सालापासून आमी त्याचा आवाजच नाही आयकला."

कोणी हसलं नाही.

पंचांसमोर कुलूप तोडलं. पेटीत बॅटरी नव्हती. तिच्या जागेवर साळुंकीचं घरटं होतं, वाळलेलं, जुनं. तुटलेल्या वायरींवर कोळ्यांची जाळी धरली होती. मी पंचनाम्यात एकेक वस्तू लिहून घेतली, घरटंसुद्धा. त्याच आठवड्यात त्या पट्ट्यातले इतर भोंगेही तपासले. त्यांतले दोनच वाजले.

"बॅटरी कुठे आहे?" मी पर्यवेक्षकाला तिथेच विचारलं.

आता त्याचा तोरा गेला होता. खालच्या आवाजात तो म्हणाला, "ऑफिसला आहे, सर. इन्व्हर्टरला लावली आहे. उन्हाळ्यात लाइट जाते."

आम्ही ती ठेकेदाराच्या कार्यालयातून जप्त केली. गावाला सावध करण्यासाठी दिलेली बॅटरी तिथे एक पंखा फिरवत होती. जप्तीचा पंचनामा सांगताना माझा आवाज इतका चढला की लिहिणाऱ्या शिपायाने दोनदा वर पाहिलं.

मी पोलीस अधीक्षकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंतिम अहवालावर सही तुमची आहे. गुन्हा दाखल झाला तर खुलासा तुम्हालाही द्यावा लागेल. विचार केला आहे?"

"केला आहे, सर."

बनावट दस्तऐवज आणि हलगर्जीपणाने मृत्यू, असा गुन्हा दाखल झाला. माझ्याच ठाण्याचा माणूस आरोपी असल्याने तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला, आणि ते योग्यच होतं. मला लेखी ताकीद मिळाली, तीही योग्य होती. जमादार निलंबित झाला. दंडाधिकाऱ्यांकडे सुधारित अहवाल आणि विमा कंपनीकडे रासायनिक अहवाल मी स्वतः पाठवला. तरी कंपनीने तीन वेळा तेच कागद पुन्हा मागवले. एकदा तर मयत नशेत नव्हता याबद्दल पत्नीचं प्रतिज्ञापत्र हवं, असं पत्र आलं. दावा मंजूर होईपर्यंत पुढचा पावसाळा येऊन गेला.

ठेकेदाराने हात झटकले. पर्यवेक्षकाचा तो वैयक्तिक दोष, असं त्याचं म्हणणं. आणि भोंगे सुस्थितीत असल्याचे दाखले ज्या अधिकाऱ्याने महिन्यामागून महिने दिले, त्याच्यावर खटला भरायला मंजुरीच मिळाली नाही. मी निवृत्त झालो तेव्हाही खटला सुरू होता.

समुद्रकाठच्या माणसाला वादळाची सूचना मिळाली नाही तर निदान बातमी होते. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. मग पाण्याच्या काठावर जगणारी माणसं इथेही आहेत, हेच कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यांच्यासाठी योजना असते, विमा असतो, भोंगाही असतो. सगळं कागदावर नांदत असतं. माणूस मेला की त्याच कागदांतून त्याचा दोष शोधून काढतात, आणि मेलेला माणूस खुलासा देऊ शकत नाही.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. त्यानंतर कोणत्याही मर्गच्या अंतिम अहवालावर सही करण्यापूर्वी मी घरच्यांना ठाण्यात बोलवायचो आणि त्यांच्या नावावरचं बयान त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचो. फार तर अर्धा तास जायचा. "हे मी बोललोच नाही जी," हे वाक्य त्या अर्ध्या तासात मला कितीदा ऐकावं लागलं, ते सांगायची आजही लाज वाटते.