साळूबाईची हनुवटी

साळूबाईची हनुवटी डावीकडं गेलेली. आईच्या पोटातनं येतानाच तशी आली, आणि सत्तरी जवळ आली तरी तिथंच राहिली. तिला जागेवर आणायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. पाळण्यात होती तेव्हा चुलतआजी न्हाऊ घालायला यायची. पाय लांब करून बसायची, पायांवर बाळ घ्यायची, कोमट तेलानं डोकं चोळून गोल करायची, नाक चिमटीत धरून वर ओढायची, आणि शेवटी अंगठ्यानं हनुवटी उजवीकडं रेटायची. रोज. डोकं गोल झालं, नाकही चांगलं आलं. हनुवटीनं मात्र ऐकलं नाही. साळूबाईनं पुढं कुणाचंच फारसं ऐकलं नाही, त्याची सुरुवात तिथली म्हणायची.

आता हनुवटी वाकडी असली म्हणून शेतात भांगलायला अडत नाही, की धार काढायला अडत नाही. अडतं ते माणसांत. साळूबाई हसली की तोंड आणखीनच डावीकडं जायचं, आणि समोरच्याला वाटायचं, हिनं नाक मुरडलं. नवी नवरी होती तेव्हा सासूनं वांग्याची भाजी पुढं केली. साळूबाई मनापासून हसून म्हणाली, "लय झ्याक झालीया." सासू सगळ्या आळीला सांगत सुटली, "जिभेनं झ्याक म्हणती आन तोंड वाकडं करती. शहाणी हाय."

नवरा लालासाहेब तेव्हा फौजेत. पहिल्या रजेला आला तेव्हा हौसेनं स्वतः चहा केला. तिनं पिऊन मान हलवली, हसली. त्याला वाटलं, आवडला नाही. दुसऱ्या दिवशी साखर वाढवली. तिसऱ्या दिवशी आणखी वाढवली. रजा संपेपर्यंत चहाचा पाक झाला, तेव्हा कुठं त्यानं विचारलं, "आता तरी गोड लागतोय का?" ती म्हणाली, "आवं, पहिल्या दिवशीचाच ब्येस हुता की." तेव्हापासून लालासाहेबाला तिचं तोंड वाचता यायला लागलं. बाकीच्यांना नाही.

सगळं असंच चाललं होतं, पण अलीकडं जबड्यानं वेगळंच काढलं. भाकरी चावली की कानापाशी कट्ट वाजायचं. जांभई आली की तोंड उघडं ते उघडंच राहायचं, हातानं मिटवावं लागायचं. साताऱ्याच्या दातांच्या डॉक्टरनं तपासलं, जबड्याचा सांधा दुखावलाय म्हणाला, झोपताना दातात धरायला एक पट्टी दिली. ती घातली की साळूबाईला घोड्याच्या लगामाची आठवण यायची. पट्टी डबीत राहिली. भाकरी दुधात कुस्करून खायची पाळी आली, आणि तिला त्याचा संताप यायचा. दात सगळे शाबूत आणि खाणं मात्र लहान लेकराचं.

त्यातच राजनंदिनीचं लग्न ठरवायचं निघालं. राजनंदिनी ही साळूबाईच्या लेकाची, जयराजची थोरली, म्हणजे नात. शिरवळला कारखान्यात नोकरी करते, तिथंच मैत्रिणींसोबत राहते, सुट्टीला वडूजजवळच्या ह्या गावी येते. पहिलं स्थळ आलं वाळव्याकडचं. मुलगा नीटस, बोलायला गोड. साळूबाईला तो इतका आवडला की ती तासभर त्याच्याकडं बघून हसत बसली.

दोन दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. "मुलगी चांगली हाय, पर आजीला आमचा मुलगा पसंत न्हाई. येळभर तोंड वाकडं करून बसल्या हुत्या. अशा घरात सोयरीक नको, असं म्हणत्यात."

जयराजनं कपाळाला हात लावला. "आये, तुला किती येळा सांगितलं, हसू नगंस."

"पोरगा आवडला म्हणून हसले रं. रडायला पायजे हुतं का?"

"आता फुडचं स्थळ येईल तवा तू आत बसायचं. न्हाईतर त्याआधी त्ये तोंड सरळ करून घ्यायचं."

गमतीनं नव्हता बोलला. त्यानं फोनवर कुठलासा व्हिडिओ बघून ठेवला होता. सांगलीत एक बाई नुसत्या हातानं चेहरा आणि कवटी जागेवर आणते, औषध नाही, सुई नाही. साळूबाई तयार झाली. पण कशासाठी, ते तिनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. जयराजला तोंड सरळ पाहिजे होतं. तिला भाकरी पाहिजे होती. आणि नातीच्या बैठकीत पुढं बसायचा हक्क पाहिजे होता. तो तोंड सरळ करून घेऊन नव्हे, आहे त्या तोंडानंच.

सांगलीची बाई म्हणजे पोरगीच निघाली. त्रिशला तिचं नाव. वडलांचं किराणा दुकान खाली, हिची खोली वर. पांढरी चादर घातलेला उंच बाक, कोपऱ्यात उदबत्ती, आणि तेलाचा थेंब कुठं नाही. साळूबाईला झोपवून ती डोक्याशी बसली, दोन्ही तळवे कवटीखाली धरले आणि डोळे मिटून गप्प झाली.

बराच वेळ झाला तरी गप्पच. साळूबाईनं वर बघितलं. "काय गं, उवा शोधतीस का?"

"नाही आज्जी. डोक्याची हाडं अगदी बारीक हलत असतात. त्यांचा ताल बघतेय."

"माझ्या डोक्यातलं कायबी हलत न्हाई. आमच्या ह्यास्नी इचार."

त्रिशला हसली, पण हात काढले नाहीत. हाडं हलली की नाही देवाला माहीत, पण साळूबाईला झोप लागली. घरात कुणी तिचं डोकं असं धरून बसलं नव्हतं. तिचेच हात सगळ्यांच्या डोक्यावरनं फिरले होते.

पुढचं मात्र झोपेचं नव्हतं. त्रिशलानं रबरी हातमोजा घातला, बोट गालाच्या आतनं घातलं आणि जबड्याची एक गाठ नेमकी दाबली. साळूबाईच्या डोळ्यातनं पाणी आलं आणि तिनं करकचून चावा घेतला.

"आज्जी! बोट!"

"मग सांगून दाब की गं! आमच्या म्हशीची कासबी आमी सांगून धरतो."

घरी आल्यावर तिला जांभई आली. मोठी, घसघशीत. आणि तोंड आपोआप मिटलं. ती तशीच चुलीपुढं बसून राहिली आणि मुद्दाम आणखी एक जांभई देऊन बघितली.

मग ती एसटीनं अर्ध्या तिकिटात एकटीच सांगलीला जायला लागली. त्रिशला दाबायची, साळूबाई कळवळायची, दोघी भांडायच्या आणि मग खालच्या दुकानातनं आलेला चहा प्यायच्या. हळूहळू भाकरीचा पापुद्रा खाता यायला लागला, मग खालचा पदर, मग कडेचा जाड भागही. कानापाशी वाजायचं, पण पूर्वीसारखी कळ मारत नव्हती.

एकदा त्रिशलानं मोबाईलवर दोन फोटो शेजारी शेजारी दाखवले. चेहऱ्यावर मधोमध लाल रेघ मारलेली. "बघा आज्जी, हा पहिला, हा आत्ताचा. किती सरळ आलंय."

साळूबाईनं चष्मा लावून नीट बघितलं. "पहिल्या फोटूत मी दाराकडं बघत हुते. ह्या फोटूत तूच माझी मान धरून सरळ केलीस. रेघ बी दोन्हीकडं एका जागी न्हाई."

त्रिशलाचा चेहरा पडला.

"रागवू नगंस पोरी. तुझ्या हातानं माझं दुखणं हलकं झालं, ही गोष्ट खरी हाय, मी गावभर सांगीन. पर तोंड सरळ हुईल का, एवढं खरं सांग."

त्रिशलानं मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाली, "दुखणं कमी होईल. हाडाची ठेवण ह्या वयात बदलेल असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. तुमच्या मुलाला मी 'फरक पडेल' एवढंच म्हणाले होते."

"आन त्यानं त्यात पायजे त्यो फरक ऐकला. बरं, चल दाब. आता सांगून दाब."

तेवढ्यात दुसरं स्थळ आलं, कराडकडचं. मुलगा साईराज, साखर कारखान्यात नोकरीला. पाहुणे यायच्या दिवशी सकाळपासून जयराज आईच्या तोंडाकडं बघत होता. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"आये, आजून तसंच हाय की गं."

"तसंच ऱ्हाणार हाय."

"मग तू जरा आत—"

"मी भाईर सोप्यात बसणार हाय. तुझ्या बापाच्या शेजारी. लाज वाटत आसंल तर तू आत बस आन पोहे कर."

लालासाहेबानं पेपर खाली केला नाही, पण पाय सरकवून शेजारची खुर्ची पुढं ढकलली.

पाहुणे आले, पाणी झालं, आणि कुणी काही बोलायच्या आत साळूबाई म्हणाली, "एक गोष्ट आधीच सांगते. माझं तोंड जलमापासनं असंच हाय. मी हसले तरी असंच दिसतं, रुसले तरी असंच. तवा माझ्या तोंडाकडं बघून काय समजून घेऊ नगासा. काय इचारायचं ते सरळ इचारा."

सगळे मोकळेपणानं हसले. जयराजनं सुस्कारा टाकला. एवढ्या साध्या वाक्यानं काम होत होतं, आणि आपण आईला चुलीपाशी बसवायला निघालो होतो, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं, कारण त्यानं स्वतः उठून आईला आधी पोहे दिले.

राजनंदिनी आली, बसली. नोकरीचं विचारलं, तिनं नीट सांगितलं. साईराजही कामाबद्दल चांगलं बोलला. सगळं मार्गी लागतंय असं दिसत होतं. मग मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली आणि लाडानं म्हणाली, "पोरगी आमाला पसंत हाय. फक्त एक हाय बगा. हनुवटी जरा... आजीवर गेलीया. लय न्हाई, पर फोटूत येती. आता लग्नाला येळ हाय. तुमीच म्हणाला न्हवं जयराजदादा, सांगलीला हातानं सरळ करून देत्यात? पोरीलाबी न्या की चार-सा येळा. कवळं हाड हाय, वळंल."

जयराजनं फोनवर आधीच फुशारकी मारून ठेवली होती. आता तो काय बोलणार? "व्हय व्हय," तो म्हणाला, "नेऊ की. त्यात काय."

राजनंदिनीचा हात आपसूक हनुवटीवर गेला. साळूबाईनं तो हात जाताना बघितला. ही पोर जन्मली तेव्हा गावच्या म्हातारीनं अशीच हनुवटी चिमटीत धरली होती. साळूबाईनं तिच्या हातातनं बाळ काढून घेतलं होतं. डोकं चोळा, पाठ चोळा, हनुवटीला हात लावायचा नाही. वीस-पंचवीस वर्षं कुणी लावला नव्हता. आज पोरीनं स्वतःच लावला.

"पाहुणे," साळूबाई म्हणाली, "जरा हिकडं बघा. माझ्याकडं."

सगळ्यांनी बघितलं.

"मगाशी म्हणले न्हवं, माझं तोंड जलमाचं वाकडं हाय, मनावर घेऊ नगा? आता मातुर मी मुद्दाम केलंय. नीट बघून घ्या, फरक कळतोय का."

लालासाहेबाला चहाचा ठसका लागला.

मुलाची आई म्हणाली, "आवं, आमी पोरीच्या भल्यासाठीच—"

"मी जाते त्या पोरीकडं. गालात बोट घालून दाबती, डोळ्यातनं पाणी काढती. मला भाकरी खाता येत न्हवती म्हणून मी त्ये सोसलं. हिचं काय दुखतंय?" ती नातीकडं वळली. "नंदे, दुखतंय का गं तुझं काय?"

"न्हाई, आज्जी."

"भाकरी खाता येती?"

"येती."

"मग कशाला दाबून घ्यायचं? फोटूसाठी?" साळूबाईनं आता साईराजकडं बघितलं. त्याच्याबद्दल तिचं मत वाईट नव्हतं, म्हणून तिनं मऊ आवाजात विचारलं. "तू सांग बाबा. पोरगी तुला करायची हाय. तुला काय वाटतं?"

साईराजनं आईकडं बघितलं. मग बशीकडं बघितलं. मग परत आईकडं. साळूबाईनं त्याला भरपूर वेळ दिला. लालासाहेबाचा चहा संपला तरी तो बघतच होता.

पाहुणे उठले तेव्हा निरोपाचं बोलणं जयराजनंच केलं. वाट बघतो, कळवा वगैरे. कळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. गाडी वळून गेल्यावर तो अंगणातनं ओरडतच आत आला. "दुसरं स्थळ घालवलंस, आये!"

"पहिलं चुकून गेलं. ह्ये मी घालवलं. दोन्ही एका गाठोड्यात बांधू नगंस."

तो दोन दिवस आईशी बोलला नाही. पण राजनंदिनीला शिरवळला परत जायचं होतं, आणि तिला वडूजच्या स्टँडवर सोडायला साळूबाई निघाली, तेव्हा गाडी त्यानंच काढली. स्टँडवर उभा राहिला, किल्ली बोटात फिरवत.

"आज्जी," राजनंदिनी हळूच म्हणाली, "खरं सांग. दिसती का गं माझी हनुवटी वाकडी?"

"दिसती की. उजव्या अंगानं बघितलं की जास्तच."

"मग त्यांना न्हाई का म्हणालीस?"

"दिसत न्हाई असं कवा म्हणले मी? हात लावायचा न्हाई म्हणले."

राजनंदिनी हसायला लागली. थांबेना. आज्जीचीच जिवणी, तशीच डावीकडं कललेली. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. मग तिनं मोबाईल काढला, आज्जीला जवळ ओढलं आणि हात लांब करून दोघींना त्यात घेतलं. उजवं अंग पुढं. "बाबा," ती जयराजला म्हणाली, "इथनं पुढं स्थळाला हाच फोटो धाडायचा. आधीचा साडीतला नको. ज्यांना यायचं असंल ते हा बघून येतील."

जयराजनं किल्ली बोटातनं काढून खिशात टाकली. "नको" म्हणाला नाही.

गाडी लागली. कंडक्टर दारात उभा राहून घंटीच्या दोरीला हात घालून ओरडला, "चला, सातारा-शिरवळ, चला लवकर! आवं आजी, पोरीला सोडा की आता!"

"थांब रं जरा," साळूबाई जागची न हलता म्हणाली. "फोटूत हिचा डोळा मिटला. दुसरा काढतोय."