ऐलीबाईंची ब्लूबेरीची जागा

गावच्या आरोग्य मंडळाची कॉफी चालली होती. रानातली ब्लूबेरी हृदयाला चांगली, पोटाला चांगली, असं नर्स मार्केत्ता सांगत होती. "डोळ्यांचं मात्र अजून नीट सिद्ध झालेलं नाही," असं ती म्हणाली आणि मी उठलो. कॉफीच्या पुड्यावरची मुंगीएवढी अक्षरं चष्म्याशिवाय घडाघडा वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझा तोल सुटतो.

"कुठली खातोस रे, ताउनो?"

"दलदलीपलीकडच्या जुन्या डांबरभट्टीमागची!"

ती जागा ऐलीबाई मोइलानेनची. म्हणजे तशी कुणाचीच नाही. आमच्या रानातलं फळ कुणीही वेचावं. म्हणूनच जागा कुणी सांगत नाही. ऐलीबाईंनी ती सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती. एका वर्षी त्यांचा पाय मुरगळला, मी गाडीनं तिथवर सोडायला गेलो, म्हणून मला कळली.

दुसऱ्या दिवशी अख्खं मंडळ फळं खरवडून काढायची दातेरी फावडी घेऊन तिथं उतरलं. झुडपं पाल्यासकट ओरबाडली. संध्याकाळी ऐलीबाई माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि रिकामी बादली टेबलावर आदळली. कपबश्या हलल्या. मीही.

"तोंड आहे की चर्चची घंटा?"

"ऐलीबाई, लोकांच्या तब्येतीसाठी..."

"लोकांच्या? माझ्या नवऱ्याची, एइनोची तब्येत कुठल्या मंडळात बसते? अर्धं अंग गेल्यापासून सकाळी ब्लूबेरीची लापशी सोडून तो कशाला तोंड लावत नाही. हिवाळाभर काय घालू त्याला? तुझ्या टाळ्या?"

मी घाईघाईनं दुकानातून आणलेले डबे पुढे केले. टपोऱ्या, परदेशी, महागड्या ब्लूबेरी. त्यांनी एक दाताखाली फोडली आणि तिचं पांढरं पोट माझ्या नाकासमोर धरलं.

"ही ब्लूबेरी? हिनं जीभसुद्धा निळी होत नाही! बटाट्याला रंग दिलाय! हे एइनोला देऊ? अर्धं अंग गेलंय त्याचं, अक्कल नाही!"

डबा कचऱ्याच्या टोपलीत गेला. आमच्याकडे अन्न कुणी टाकत नाही. त्यावरून राग किती होता ते कळावं.

मग एकच उरलं होतं. माझीही एक जागा आहे, तळ्याच्या उत्तरेला. लग्नाला चाळीस वर्षं झाली, बायकोला पत्ता नाही. सकाळी ऐलीबाईंना तिथं नेलं. त्या गाडीतून उतरल्या त्या थेट झुडपांत शिरल्या. फावडं न लावता, हातानं, झुडूप झुडूप वेचत गेल्या. बोटं निळी, कपाळावरची आठी मात्र तशीच. दुपारपर्यंत सगळ्या बादल्या भरल्या. गाडी गच्च झाली. एइनोचा हिवाळा निघणार होता.

मी जरा धीर केला. "ऐलीबाई, पुढच्या वर्षी दोघं मिळून येऊ इथं, काय?"

त्यांनी गाडीचं दार लावून घेतलं.

"ही जागा आता माझी, तू दुसरी शोध."