शाळा सांभाळून सायकल

चार जुलै. दुपारचं जेवण आटोपून दुधाचे दोन कॅन घासायला घेतले. अ‍ॅल्युमिनियमचे, जुने, एकाच्या कुशीला पोचा पडलेला. माझ्या भावाचे, रघूदादाचे. तो मे महिन्यात गेला. तीन जुलैच्या संध्याकाळी त्याचा मुलगा बाळू त्याची काळी सायकल आणि कॅरिअरला अडकवलेले हे कॅन घेऊन दारात आला. म्हणाला, "आत्या, मी आता मोटरसायकलवर जातो, प्लॅस्टिकचे कॅन घेतलेत. हे भंगारात घालू, का तुज्याकडं ठिवू?" मी म्हटलं, ठेव. तो गेल्यावर झाकण उघडून पाहिलं तर आतून आंबट वास. बंद करून ठेवलेल्या कॅनला येतोच. राख आणि गरम पाणी घेतलं आणि बसले.

हे कॅन मी बरीच वर्षं घासत आले आहे. माहेरची वाडी इथून, आष्टीपासून, जवळच, पण तिथे उन्हाळ्यात टँकर येईल तेव्हा पाणी. माझ्या अंगणात बोअर आहे. त्यामुळे दादा सकाळी डेअरीत दूध घालून माझ्याकडे यायचा, मी कॅन धुऊन ओट्यावर पालथे घालायचे, तोवर तो चहा पिऊन, पेपर वाचून मोकळा व्हायचा. पेपर तो मागच्या बाजूने, खेळाच्या पानापासून वाचायला घ्यायचा. ओठ हलवत, सावकाश. सातवीनंतर शाळा सुटलेला माणूस. आई-बाप ऊसतोडीला जायचे, मागे मेंढरं कुणी राखायची, तर त्याने. मी शाळेत राहिले. पुढे बी. ए. केलं, लग्नानंतर पिठाची गिरणी टाकली, ती आजही चालवते. हे काही मी गहिवरून सांगत नाही. घरात दोन मुलं होती आणि एकाला थांबणं भाग होतं, तो थांबला. पण लहानपणी आमचा खेळ एकच असायचा. तो सर, आणि मी व मेंढरं मिळून वर्ग. वाडीतल्या शाळेत सगळे गुरुजीच होते. 'सर' हा शब्द आष्टीच्या हायस्कूलचा, आणि दादा तो शब्द नवा सदरा घालावा तसा जपून वापरायचा. माझ्यासाठी स्थळं आली तेव्हा त्याने नगरकडचं हे स्थळ एका वाक्यात पक्कं केलं, "मुलगा सर हाय, आजून काय बगायचं?"

ते सर म्हणजे माझे पती सुभाषराव. इथल्याच एका हायस्कूलवर नोकरी केली, गेल्या वर्षी निवृत्त झाले. या दोघांना सायकलच्या शर्यतीचं वेड लागलं ते लॉकडाऊनमध्ये. आमचा मुलगा पुण्याहून घरी येऊन अडकला होता आणि मोबाइलवर फ्रान्समधली ती तीन आठवडे चालणारी शर्यत बघत बसायचा. दादाने एकदा चहाचा कप हातात धरून डोकावलं आणि कप तसाच राहिला. "ही माणसं डोंगरावर कशाला चढायलीत? वर डेअरी हाय का?" मुलगा पुण्याला परत गेला, वेड राहिलं. नंतर दर जुलैत संध्याकाळचं दूध घालून झालं की दादा ओसरीवर हजर. मोबाइल तांब्याला टेकवून उभा करायचा, आणि दोघं समोर. मी निवडायला काहीतरी घेऊन मागे.

वाद एकाच गोष्टीवरून व्हायचा, रस्त्यावरच्या शर्यतीत इंग्रजांमधला सगळ्यांत मोठा सायकलवाला कोण. इंग्रजच का, तर मुलाने पहिल्यांदा ओळख करून दिली ते त्यांच्यातले होते म्हणून. शेजारच्या एकाने टोकलं होतं, की ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचं कसलं कौतुक करता? दादा म्हणाला, "आमच्यावर कुठं? आमी निजामात हुतो. इंग्रजाशी आमचं काय वाकडं न्हाई. इचारायचं तर दाजींना इचारा, नगरकडं हुता इंग्रज." यावर सुभाषराव मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले, "म्हणूनच त्यांच्यातला खरा कोण ते मला कळतं."

त्या खेळाडूंची नावं आमच्या घरात कुणाला धड उच्चारता आली नाहीत. सुभाषरावांचा होता तो 'झेपवाला'. दिवसभर घोळक्यात लपून राहायचा आणि शेवटच्या टप्प्यात असा सुटायचा की बाकीचे उभे वाटायचे. किती वेळा पहिला आला ते मोजा, असं यांचं म्हणणं. दादाचा होता 'सर'. मी एकदा मध्येच सांगितलं, की तो बघा एक, मागच्या गाडीपर्यंत जातो, सदऱ्यात पाण्याच्या बाटल्या कोंबतो आणि पुढच्या सगळ्यांना नेऊन देतो, माझ्या मते तोच मोठा. दोघं हसले. "शकू, त्यो इंग्रज तरी हाय का?" दादाने विचारलं. मी म्हटलं, पाणी वाहणाऱ्याला कोण विचारतं कुठला ते. दोघांनी मिळून माझं मत बाद केलं.

दादाचा 'सर' कसा झाला ते सांगायला हवं. पेपरात एका इंग्रज सायकलवाल्याच्या नावाआधी 'सर' छापून आलं होतं. दादाने सरळ अर्थ लावला, की हा माणूस शाळेत शिकवतो. शाळा सुटली की सायकल काढतो, सुट्टी लागली की शर्यतीला जातो. "तुमचा झेपवाला दुसरं काय करतो? दिसभर सायकलच मारतो की! ह्यो शाळा सांभाळून मारतो. वह्या तपासायच्या, पोरं बगायची, आन् मंग डोंगर. दाजी, तुमी सर हाव, तुमाला तर कळाया पायजे." आम्हा दोघांना त्याची चूक पहिल्याच दिवशी कळली. रात्री मी म्हटलं, सांगून टाका. सुभाषराव म्हणाले, "राहू दे. किती आनंदाने सांगतो तो." मग ते राहिलं. वर्षं गेली. दादाचा मुद्दा वाढत गेला. त्या सरांच्या वर्गाला सुट्टीत कोण शिकवत असेल, पगार कापत असतील का, हेडमास्तर काही बोलत असतील का... सुभाषरावही गंभीरपणे उत्तरं द्यायचे. "बिनपगारी रजा घेत असणार." दादा हळहळायचा.

या वर्षीच्या आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुभाषरावांनी शाळेतले जुने सहकारी जेवायला बोलावले. दादा नेहमीसारखा सकाळी दूध घालून आला होता. मी त्याला म्हटलं, आज रस आहे, जेवूनच जा. तो ओसरीवर पाहुण्यांत बसला. थोडा अवघडून, पण खूष. इतके सर एका जागी! मी आत पुरणपोळ्या लाटत होते, दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी म्हणालं, तुमच्या सायकलींचा वाद मिटला का? आणि दादाने सुरुवात केली. शाळा, वह्या, डोंगर, सगळं. एकजण हसू दाबत म्हणाला, "कोणत्या शाळेवर आहेत हो ते सर?" दादा म्हणाला, "ते काय म्हाईत न्हाई बा. पर हायस्कूलच आसंल." मग सगळे हसले. दुसरा म्हणाला, "अनुदानित का विनाअनुदानित?" अजून हसले. दादाही हसला. लोक हसले की आपणही हसावं, एवढंच.

सुभाषराव त्या क्षणी गप्प बसते तर चाललं असतं. पण त्यांना वाटलं, हसं थांबवायला हवं, आणि हसं थांबवायचा शिक्षकाला एकच मार्ग माहीत असतो. ते म्हणाले, "रघूदादा, ते 'सर' म्हणजे शिक्षक नव्हे. तिकडे राजघराणं ही पदवी देतं. पूर्वी रावबहादूर असायचे ना, तसं." त्यांचा आवाज मऊ होता, तेही सांगते. हसणं थांबलं.

"म्हंजी शाळा न्हाई?"

"नाही."

"कदीच न्हवती?"

"नाही, दादा."

मी लाटणं खाली ठेवलं. दादाने मांडीवरचा टॉवेल झटकला. मग म्हणाला, "मंग तुमचाच मोठा, दाजी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने हार मानली. उठला, टॉवेल डोक्याला गुंडाळला, अंगणात जाऊन कॅन सायकलला अडकवू लागला. सुभाषराव पायऱ्यांपर्यंत गेले. "अहो, पानं वाढतायत, जेवून जा." दादा म्हणाला, "न्हाई, दूध नासंल." आणि गेला.

त्यानंतर तो रोज आला, कॅन धुऊन घेतले, चहा प्यायला. पेपर मागितला नाही. सुभाषरावांनी एकदा विषय काढला, जुलै जवळ आला म्हणाले. दादा म्हणाला, "बगू." आणि थोड्याच दिवसांनी, गिरणीवर असताना बाळूचा फोन आला, "आत्या, आण्णा गोठ्यात पडल्यात. उठंनात." जात्यात एका बाईचं दळण होतं. ते संपवलं, तिचा डबा भरून दिला, मग निघाले. नंतर वाडीतल्या बायका माझ्या दगडी काळजाबद्दल बोलल्या असं कानावर आलं. तेव्हा दळण सोडून धावत गेले असते तरी तो उठणार नव्हता. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले, दुपारच्या झोपेतून उठून धार काढायला बसला आणि तिथेच. म्हैस शांत उभी होती म्हणे.

दादाबद्दल मला लिहायचं ते एवढंच आहे. पुढचं जे आहे ते माझ्या घरातलं. सुभाषराव दादा गेल्यापासून ओसरीवर बसत नाहीत. आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. पिशवीच्या दुधाचा चहा केला तर अर्धा ठेवतात. बोलतात ते एकच, आणि तेही आठवड्यातून एकदा-दोनदा, मला उद्देशून नाही, कुणालाच नाही. "दूध नासलं असतं, म्हणून गेला तो. नाहीतर जेवला असता." मी हो म्हणते. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, गोळ्या आणल्या, मुलाला बोलावून घेतलं, दोन दिवस राहून तो गेला. मला माणसाला हलवायचं माहीत आहे, कामाला लावायचं माहीत आहे. याच्यापुढे माझं काही चालत नाही. एक गेला आणि दुसरा माझ्या डोळ्यांसमोर, चालत्या घरात, रोज थोडा थोडा जातो आहे, आणि मी त्याला गोळ्या नि पाण्याचा पेला नेऊन देते आहे...

चार जुलैच्या त्या संध्याकाळी शर्यत सुरू झाली. मुलाचा पुण्याहून फोन आला, "बाबा, लावली का?" यांनी फोन माझ्या हातात दिला. कॅन धुऊन झाले होते. मी ते नेहमीच्या जागी, ओट्यावर पालथे घातले. तेव्हा डोक्यात आलं. पूर्वीही आलं होतं, मी येऊ दिलं नव्हतं. आखितीच्या सकाळीही हे कॅन इथेच पालथे होते. दूध डेअरीत पोचलं होतं. नासायला कॅनमध्ये थेंब नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाची सायकल अंगणात घेतली आणि दोन्ही बाजूंनी कॅन अडकवले. वाडीवरून घरचं दूध आणायचं, निदान चहा तरी पुरा पितील, असा साधा विचार. मला सायकल चालवता येत नाही. हातात धरून निघाले. फाटकाच्या उंबऱ्यावरून चाक उतरलं आणि कॅन वाजले. भरलेला कॅन गप्प असतो. हे मोकळे, पत्रा कॅरिअरवर आपटून खणखणत होते, खडीवर आणखी जोरात. मागे दार उघडल्याचा आवाज झाला. सुभाषराव कित्येक दिवसांनी बाहेर आले होते, पायरीवर, त्या दिवशी उभे होते तिथेच. त्यांनी कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की मला सांगण्यासारखं काही उरलेलंच नाही. आखितीलाही कॅन असेच वाजत गेले होते, पार वळणापर्यंत, आणि ओसरीवर इतकी शांतता होती की ते सगळ्यांनाच ऐकू आलं होतं.

मी सायकल धरून पुढे निघाले. वळणापर्यंत कॅन वाजत राहिले.